एक्केचाळीस सह्यांचा गोल

९ जानेवारी

ती. अक्कास,
बारकीचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गुडघा दुखतो म्हणतेस आणि त्याच पत्रात तीन जिने चढून मैत्रिणीकडे गेले असंही लिहितेस. दोन्हींतलं एक काहीतरी ठरव. सुनेला सांग, मला फोन लावून देऊ नकोस. तीस वर्षं धुण्याच्या मशीनपाशी काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालंय. फोनवर तू बोलतेस की कढई घासतेस ते कळत नाही. आपलं पत्रच बरं.

आता कामाचं लिहिते, नीट वाच. आमच्या लाँड्रीत तीन हॉस्पिटलांचे कपडे येतात हे तुला माहीत आहे. नवा कायदा झाला तेव्हापासून मालकाला आठाचे बारा तास करायची मोकळीक मिळालीय. टीव्हीवर मंत्री बोलत होते. खाली अक्षरांची पट्टी सरकते ती मी वाचली. यामुळे कामगारांना स्वातंत्र्य मिळेल म्हणाले. तीनदा वाचलं. कान गेलेत, पण डोळे शाबूत आहेत, तरी हे स्वातंत्र्य कुठल्या तासात मिळणार ते काही दिसलं नाही.

एक मार्चपासून सकाळी सात ते संध्याकाळी सात. नवा मॅनेजर वयानं तुझ्या मुलापेक्षा लहान असेल. त्यानं सगळ्यांना उभं करून सांगितलं, आपण सगळे एक परिवार आहोत, परिवारात घड्याळ बघत नाहीत. कामातली माझी जोडीदारीण मागून म्हणाली, "चला, यातली सून कोण ते तरी कळलं." सगळ्या हसल्या. मॅनेजरही हसला, त्याला वाटलं आपलं बोलणं आवडलं.

आम्ही अर्ज करायचं ठरवलंय. एक कंपनीला, एक सरकारी कामगार कार्यालयात. काय म्हणायचंय ते मी वहीच्या पानावर लिहिलंय. मुख्य मुद्दा भाजण्याचा आहे, तो सोडू नकोस. ओली चादर वाफेच्या रोलरमध्ये हातानं सरकवावी लागते. आमच्यात ज्यांच्या बोटांवर डाग आहेत त्या सगळ्यांना मी विचारलं. एकूण एक डाग पाळीच्या शेवटच्या तासातला निघाला. आठव्या तासाला हात असा चुकतो, तर बाराव्याला काय होईल?

हे तू ऑफिसच्या भाषेत लिहून टाईप कर. आमच्यात तेवढं कुणाला जमत नाही. वीस तारखेच्या आत दोन्हीकडे पोचायला हवं, म्हणून परत माझ्याकडे न पाठवता तूच पोस्टात टाक. सोबत सह्यांचं पान आहे, एक्केचाळीस जणींच्या सह्या आहेत. ते मागे जोड.

गुडघ्याला जप.

तुझी,
बारकी

---

१५ जानेवारी

प्रिय बारके,
अनेक आशीर्वाद.

तुझं काम फत्ते. काल दोन्ही पाकिटं रजिस्टरनं गेली, पावत्या माझ्याकडे आहेत.

खरं सांगू, किती दिवसांनी मला कुणीतरी काहीतरी काम सांगितलं. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. घरात सून सगळं करते, मी नुसती खुर्चीवर बसलेली असते. तुझं पान वाचलं आणि मुलाच्या कॉम्प्युटरसमोर अशी ताठ बसले, जशी कॉन्व्हेंटात सिस्टर मार्गारेटसमोर बसायची. त्या म्हणायच्या, अर्ज म्हणजे तुमचा धुतलेला चेहरा. डाव्या हाताला दोन बोटं समास, प्रत्येक मुद्दा वेगळ्या परिच्छेदात, कुठेही खाडाखोड नाही. तुझा भाजण्याचा मुद्दा मी तिसरा घेतला. तो टाईप करताना डोळे भरून आले, मला थांबावं लागलं. तू कधी बोलली नाहीस गं. तुझ्या बोटांवर किती डाग आहेत?

सह्यांचं पान पाहून मात्र हसू आलं. पानभर मोठा गोल आणि भोवती सूर्याच्या किरणांसारख्या सह्या, काही तर उलट्या. वाचायला पान गरगर फिरवावं लागत होतं. सरकारी कार्यालयात असा कागद गेला तर ते लोक काय म्हणतील, बायकांनी खेळ मांडलाय म्हणतील. म्हणून मी सगळ्यांची नावं एकाखाली एक, अनुक्रमांक घालून सुरेख टाईप केली. खाली लिहिलं, "सर्व अर्जदारांच्या सह्यांची मूळ प्रत आमच्याकडे आहे." अशी पद्धत असते.

गोलाला सुरुवात नसते, तेव्हा कुठून धरावं हा प्रश्न पडला. मग तुझी सही दिसली. अजून तशीच करतेस, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून. म्हटलं, इथूनच धरावं. तेव्हा एक नंबरला तू आहेस, आणि पुढे घड्याळाच्या काट्याप्रमाणे बाकीच्या.

तुला सांगते, तुझं नाव सगळ्यांत वर टाईप करताना मला फार बरं वाटलं. मावशीकडे शिकायला होते तेव्हा शाळेच्या यादीत माझं नाव पहिलं असायचं आणि मावशी ती यादी तुमच्याकडे घरी पाठवायची. तू ती भिंतीला चिकटवायचीस म्हणे. आता मीही ही तुझी यादी कुठेतरी चिकटवावी असं वाटतंय.

सगळं नीट होईल. इतका चांगला अर्ज कुणी नाकारू शकणार नाही.

माया आहेच,
अक्का

---

२ फेब्रुवारी

ती. अक्कास,
नमस्कार.

परवा सकाळी आम्हा पाच जणींना फाटकावर अडवलं. मी, माझी जोडीदारीण, मळके कपडे निवडणाऱ्या दोघी आणि बॉयलरवरची वहिनी. बाकीच्या छत्तीस जणींना आत सोडलं. पाच जणींवर इतरांना भडकवल्याचा ठपका आहे. कामावरून बंद.

वॉचमनच्या हातात कागद होता. मी लांबूनच ओळखला. डाव्या हाताला दोन बोटं समास.

एक ते पाच, अक्का. मोजून.

तुला बोल लावत नाहीये. मी सांगायला हवं होतं. ते गोल काढणं म्हणजे खेळ नव्हता. आमच्या आधीच्या बायकांनी ही रीत पाडलीय. जेवणाचं ताट कागदावर पालथं घालायचं, पेन्सिल फिरवायची आणि त्या रेघेभोवती सगळ्यांनी सह्या करायच्या. पहिली कुणी केली, शेवटी कुणी केली, कुणाच्या डोक्यातून निघालं, काही कळत नाही. मालकाला राग आला तर त्यानं सगळ्यांना काढावं. सगळ्यांना काढलं तर तीन हॉस्पिटलांतली माणसं उघड्या गादीवर झोपतील, म्हणून तो कुणालाच काढत नाही. मी लागल्यापासून तीन अर्ज झाले. पगारी रजेचा, संडासाचा आणि पंख्यांचा. एकीच्याही केसाला धक्का लागला नाही.

मला वाटलं, हे सगळ्यांना माहीत असतं. तुला नसेल हे डोक्यातच आलं नाही.

बॉयलरवरची वहिनी या सगळ्यात कधी पडत नाही. तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय. त्या दिवशी माझ्याजवळ पेन होतं म्हणून ती माझ्या बाजूला येऊन बसली, इतकाच तिचा गुन्हा. माझ्या जोडीदारणीचं नाव कुठूनही आलं असतं तरी माझ्या शेजारीच आलं असतं. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकींच्या बाजूलाच बसतो. चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोन टोकं तिनं धरायची, दोन मी, आणि एकमेकींकडे चालत यायचं. दिवसाला सहाशे वेळा.

आता मुद्द्याचं. अठरा तारखेला कामगार अधिकाऱ्यापुढे सुनावणी आहे. त्यांनी सह्यांची मूळ प्रत मागितलीय. तो गोल त्यांच्यापुढे ठेवला, तर त्या यादीला काही अर्थ नाही, पहिली-दुसरी असं काही नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पाच जणींची नोकरी त्या पानावर आहे. बारा तासांचं पुढे बघू. पान लगेच पाठव. रजिस्टरनं.

बारकी

---

८ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. दोन दिवस जेवण गेलं नाही. सून विचारत होती काय झालं, काय सांगणार.

माझ्या हातून असं व्हावं. मी तर तुझ्या भल्यासाठीच सगळं केलं.

पान मी जपून ठेवलं होतं हे नक्की. पण मधे मुलानं टेबल आवरलं, जुने कागद रद्दीत गेले, त्यात ते गेलं की काय अशी धास्ती वाटते. मी शोधतेय. सगळे खण पुन्हा एकदा बघते.

तोवर एक सुचवू का? तू एकदा मॅनेजरला एकटी जाऊन भेट. शांतपणे बोल. माणूस वाईट नसतो गं, कामाच्या ओझ्यानं कडक होतो. माझा मुलगाही कंपनीत माणसं ठेवण्या-काढण्याच्या खात्यात आहे, पण घरी बघशील तर मऊ. तो म्हणत होता की अशा वेळी दोन्ही बाजूंनी ताणू नये.

मला सारखं आपलं जुनं घर आठवतं. तुला आठवतं का, आई मागच्या दगडावर धुणं धुवायची आणि आपण दोघी पिळायचो? तू एका टोकाला, मी दुसऱ्या. तू उलटी पिळायचीस, म्हणून धोतर पिळायच्या ऐवजी सुटायचं, आणि आई ओरडायची. मग मावशी येऊन मला घेऊन गेली. कॉन्व्हेंटात कपडे धोब्याकडे जायचे. पहिल्या सुट्टीत मी घरी आले तर तू एकटीच धोतर पिळत होतीस, एक टोक खुंटीला बांधून. ते मला अजून दिसतं.

देवापुढे रोज दिवा लावतेय तुझ्यासाठी. पाचही जणींसाठी.

अक्का

---

१४ फेब्रुवारी

अक्का,

पान सापडलं का? चारच दिवस उरलेत.

बायका फाटकाबाहेर मला विचारत होत्या, आपण तर गोल काढला होता, मग ही यादी केली कुणी? मी म्हटलं, मीच करून घेतली. ऑफिसला नीट दिसावी म्हणून. तुझं नाव काढलेलं नाही. मळके कपडे निवडणाऱ्यांतली थोरली म्हणाली, "मोठी हौस होती पहिलं नाव लावायची." तू निर्धास्त राहा, पण पान तेवढं पाठव. रद्दीवाल्याकडे जाऊन बघ. फाटलेलं असलं तरी चालेल.

बारकी

---

२१ फेब्रुवारी

प्रिय बारके,

सोबत ते पान आहे. जसंच्या तसं. कुठे घडीसुद्धा नाही.

ते हरवलं नव्हतं. माझ्या कपाटाच्या दुसऱ्या खणात, शाळेच्या निरोपसमारंभाच्या फोटोखाली होतं. मी रोज उघडून बघत होते. तू पान मागितलंस ते पत्र आलं त्या दिवशी ते पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, तिकीटही लावलं. मग मुलाला सांगितलं. तो म्हणाला, आई, हे पान तिथे गेलं की यादी कुणी टाईप केली हे विचारतील. तुझं नाव निघेल, मग माझं निघेल. कामगारांच्या भानगडीत घरची माणसं आहेत हे आमच्या साहेबांना कळलं तर माझं काय? मी पाकीट परत खणात ठेवलं. एक दिवस म्हणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक दिवस.

त्याच्यावर ढकलत नाही. त्याला भीती वाटली, ठीक आहे. पण पाकीट माझ्या हातात होतं, आणि पोस्टाची पेटी आमच्या कोपऱ्यावर आहे. मला आणखीही एक भीती होती, ती त्याला नव्हती. ते पान आणि माझी यादी शेजारी शेजारी ठेवली की दिसणार होतं, इतकं शिकून मला साधं पानसुद्धा वाचता आलं नाही. आयुष्यभर मी हुशार म्हणून ओळखली गेले, बारके. ते जाईल असं वाटलं. किती क्षुल्लक गोष्ट होती ती, आता लिहिताना कळतं.

तू "मीच करून घेतली" असं सांगितलंस हे वाचल्यावर मला झोप लागेना. तरी तीन दिवस काढले. अठरा तारीख गेली. मला माहीत आहे गेली. कदाचित पुढची तारीख दिली असेल, सरकारी कामात देतात. अजून उपयोग होत असेल तर हे पान वापर. यादी मी केली असं माझं नाव घेऊन सांग. मी तिथे येऊन सांगायला तयार आहे.

मला लिही. काहीही लिही.

अक्का

---

३ मार्च

अक्का,

पान पंचवीसला मिळालं.

तुला अठरा तारखेचं सांगते, म्हणजे पुन्हा विचारायला नको. लहानशी खोली होती, एक टेबल, आम्ही पाच जणी भिंतीला टेकून उभ्या. अधिकाऱ्यानं विचारलं, मूळ प्रत कुठेय. मी म्हटलं, येतेय. तो म्हणाला, कुठून येतेय, पायी? कंपनीचा वकील हसला. मग विचारलं, यादी कुणी केली. मी म्हटलं, मी. वकिलानं लगेच कागद पुढे सरकवला, बघा साहेब, पहिलं नाव हिचंच.

मग त्यांनी चौघींना वेगळं सांगितलं. हिनं आम्हाला फूस लावली, आम्ही न वाचता सह्या केल्या, असं लिहून द्या आणि उद्यापासून कामावर या. बारा तास मान्य करून.

चौघी माझ्याकडे बघायला लागल्या. वहिनीच्या नवऱ्याचं औषध थांबलं होतं. मीच म्हटलं, करा सही. थोरलीनं केली, धाकटीनं केली, वहिनीनं रडत रडत केली. जोडीदारणीनं पेन हातात घेतलं आणि नुसतीच उभी राहिली. वकील म्हणाला, बाई, शाई वाळेल. तिला तसं ऐकून घ्यायची सवय नाही. एरवी तिनं त्याला सोडलं नसतं. मी मान हलवली, कर म्हणून. तिनं केली. बाहेर पडल्यावर ती माझ्या पुढे चालायला लागली. मागे वळली नाही.

एक मार्चपासून आत बारा तास सुरू झालेत. तीस वर्षांची नोकरी गेली, त्याचं मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटत नाही. माणसाला कुठेतरी काम मिळतं. पण चाळीस बायका आता एकमेकींसमोर कुठल्याच कागदावर सही करायच्या नाहीत. गोल काढायची रीत आमच्या हातात जशी आली होती तशी पुढच्या पोरींना द्यायची होती. ती माझ्यापाशी संपली.

आता तुला एक सांगते, आजवर सांगितलं नव्हतं. मावशी दोघींपैकी एकीला न्यायला आली होती, हे तुला माहीत आहे. मी दाराआड उभी होते. ती म्हणाली, दोघींतली कुठलीही द्या. बाबा म्हणाले, "थोरलीला न्या. बारकीचा हात चालतो, ती घरात उपयोगी पडेल." मला वाटलं, माझं कौतुक केलं. कितीतरी वर्षं मला तसंच वाटत होतं. तुझ्या शाळेच्या याद्या भिंतीला चिकटवताना मला कधी वाईट वाटलं नाही. आपल्या घरातलं एक माणूस शिकतंय, ते कधीतरी आपल्या उपयोगी पडेल, असं वाटायचं.

माझा राग कधी कुणावर फार टिकला नाही, तुला माहीत आहे. हा टिकलाय. पान उशिरा आलं म्हणून नाही. ते तिथे होतं आणि तू मला दिव्याबद्दल लिहिलंस, म्हणून.

काही दिवस लिहू नकोस. येऊही नकोस.

बारकी

---

३० मार्च

प्रिय बारके,

येऊ नकोस म्हणालीस तरी आलेय. तुझ्या खोलीत, तुझ्याच खाटेवर बसून लिहितेय. शेजारच्या शिंपीणबाईंनी किल्ली दिली. त्यांच्याकडून कळलं की तू दुसऱ्या गावी एका मोठ्या हॉटेलात चादरी धुवायला जातेस, आठवडाभर तिथेच राहतेस आणि रविवारी येतेस. आज गुरुवार. मी थांबतेय.

एवढ्या वर्षांत मी तुझ्या खोलीत तीनदा आले असेन, तेही चहापुरती. एक खाट, एक खुर्ची, खिडकीत दोन डबे. सगळं एका हाताच्या अंतरावर. मला सारखं उठून काहीतरी आवरावंसं वाटतं, आणि आवरायला काही नाही.

काल मी कामगार कार्यालयात गेले. यादी मी केली, अर्जदारांनी नाही, असं माझ्या नावानं लिहून नेलं होतं. कारकुनानं ते घेतलं, शिक्का मारला आणि सांगितलं की प्रकरण बंद झालंय. मी म्हटलं, मग शिक्का कशाला मारलात? तो म्हणाला, "आलेल्या प्रत्येक कागदावर मारतो, बाई." मुलाला मी येण्याआधी सांगितलं होतं. त्यानं स्टेशनवर सोडलंही नाही. सुनेनं सोडलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "आई, पान पाठवा असं मी महिन्याभरापूर्वीच म्हटलं असतं, पण मला कुणी विचारलं नाही."

आज संध्याकाळी सातला मी लाँड्रीच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं. गाडीत बसल्यापासून मनात वाक्यं जुळवत होते. कुठून सुरुवात करायची, तुझ्याबद्दल काय म्हणायचं, माफी कुठल्या शब्दांत मागायची.

भोंगा झाला आणि बायका बाहेर आल्या. मी तुझ्या जोडीदारणीला कधी पाहिलेलं नव्हतं, पण ओळखलं. ती हात अंगापासून थोडे लांब धरून चालते, तुझ्यासारखी, अजून समोर चादर असल्यासारखी. मी पुढे झाले आणि म्हटलं, मी बारकीची थोरली बहीण. ती थांबली. बाकीच्याही तिघी-चौघी थांबल्या. मी म्हटलं, ती यादी बारकीनं केली नव्हती. मी केली होती, आणि गोलाचं पान माझ्याकडे असून मी पाठवलं नाही.

एक वयस्क बाई, त्या कपडे निवडणाऱ्यांतल्या थोरल्या असाव्यात, म्हणाल्या, "आम्हाला माहीत होतं."

मी विचारलं, कधीपासून?

"पहिल्या दिवसापासून. बारकीला टाईप करता येत नाही हे आम्हाला माहीत नाही काय? बहीण शिकलेली आहे, ऑफिसात होती, हे तिनं आम्हाला शंभरदा ऐकवलंय. तिनं मीच केली म्हटल्यावर आम्ही काय बोलणार?"

मला वाटलं होतं, मी त्यांना खरं सांगायला आलेय. ते त्यांच्याकडे आधीच होतं. ते घेऊनच त्यांनी फूस लावल्याच्या त्या कागदावर सह्या केल्या होत्या.

तुझी जोडीदारीण इतका वेळ जमिनीकडे बघत होती. ती म्हणाली, "तुमच्या हातून झालं ते न कळून झालं. आम्ही केलं ते कळून. तिला हे सांगायला मी तीनदा तिच्या दारापर्यंत गेले. कुलूप होतं. आता बारा तासांनंतर पाय तिकडे वळत नाहीत."

मी म्हटलं, पान मी कळूनच ठेवून घेतलं होतं. मी तिचा हात धरायला गेले. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडे बस लागली आणि सगळ्या एकदम त्या बाजूला निघाल्या. मी मधेच उभी होते. कुणीतरी मागून म्हणालं, "बाजूला व्हा बाई, गाडी सुटेल." रागानं नाही. रस्त्यात खुर्ची असती तर तिलाही तशीच सरकवली असती. मी बाजूला झाले. बसमध्ये त्यांना जागा मिळाली. तुझी जोडीदारीण खिडकीशी बसली आणि बस हलायच्या आत तिचे डोळे मिटले. बाकीच्यांचेही मिटले. दोन मिनिटांत सगळा रस्ता रिकामा झाला.

मी तिथेच उभी राहिले. शिव्या ऐकायच्या तयारीनं आले होते, बारके. कुणीतरी तोंडावर बोलावं, ढकलावं, असं वाटत होतं. त्यांच्या दिवसात त्याला जागाच उरलेली नाही. सात ते सात काम, मग बस, मग घरचं काम, मग झोप. माझ्यावर रागवायलासुद्धा एखादा तास लागतो, आणि तो त्यांच्याजवळ नाही. कायद्यानं नेमकं काय काढून घेतलं ते मला तुझा अर्ज टाईप करताना कळलं नव्हतं. आज फाटकावर कळलं.

माफी मागायची वाक्यं जुळवली होती, ती आता तुलाही म्हणणार नाही. तसली वाक्यं तू माझ्या पत्रात एकदा वाचलीस, त्यांचा उपयोग झाला नाही.

पण तुझा राग टिकलाय असं तू लिहिलंस. तो कमी कर असं मी म्हणत नाही. या सगळ्यांत तो एकट्या तुझ्याजवळ उरलाय. रविवारी तू येशील, तुला दिवसभर सुट्टी आहे. मी खुर्चीवर बसून राहीन. तुला जे बोलायचं असेल ते बोल, हवा तितका वेळ घे, मधे मी एक शब्द बोलणार नाही. मी त्यासाठीच थांबलेय.

अक्का